तबल्याचा खर्च कोणत्या खात्यात?

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वार्षिक सभेत अंदाजपत्रक वाचले जाते तेव्हा बहुतेक रकमा माना डोलावून मंजूर होतात. छपराची दुरुस्ती, कुंपण, पाळकांचा पगार, आजाऱ्यांना मदत, गरीब मुलांची फी. अडतो तो एकच आकडा. भजनी मंडळाने तबल्याची पुडी बदलायला आणि पेटीचा भाता दुरुस्त करून घ्यायला पैसे मागितलेले असतात, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, "एवढ्यात दोन पोरांची फी भरून होते." म्हणणारा माणूस कद्रू नसतो. पुष्कळदा वर्षभर लोकांबरोबर सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलेला, रेशनकार्डासाठी तहसील कचेरीचे हेलपाटे घातलेला तोच असतो. म्हणून त्याच्या वाक्यावर सभा गप्प होते. दोन पोरांच्या फीसमोर तबला उभा करायची हिंमत कोणाची होणार?

मला ती करायची आहे. ख्रिस्ती श्रद्धेतून जी समाजसेवा उभी राहते तिच्यात गाण्याला, लिहिण्याला, हाताने काही घडवण्याला आपण फावल्या वेळचा कार्यक्रम मानत आलो. नाताळात एक नाटुकले, वर्धापनदिनी दोन गीते, संपले. या समजुतीने आपली सेवा कोरडी केली आहे, कार्यकर्ते थकवले आहेत आणि ज्यांची सेवा करायची त्यांना कायमचे हात पसरायला लावले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाकावरचा आक्षेप नवा नाही. मार्काच्या शुभवर्तमानात, 14 व्या अध्यायात, बेथानीच्या घरी तो जवळजवळ याच शब्दांत भेटतो. येशू जेवायला बसला आहे. एक बाई जटामांसीच्या अस्सल सुगंधी तेलाची कुपी घेऊन येते, ती फोडते आणि सगळे तेल त्याच्या मस्तकावर ओतते. भोवतीचे लोक संतापतात: हे तीनशे दीनारांहून अधिक किमतीला विकून गोरगरिबांना देता आले असते. हिशेब बिनचूक आहे. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तीनशे दीनार म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. येशू हा हिशेब खोडत नाही. तो म्हणतो, तिला त्रास का देता, तिने चांगले काम केले आहे. त्याचे पुढचे वाक्य मात्र आपण फार सोयीने वापरले: गरीब नेहमीच तुमच्याजवळ आहेत. या वाक्याची ढाल करून किती जणांनी वस्तीकडे पाठ फिरवली असेल! पण ते वाक्य जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायातून आलेले आहे, आणि तिथे त्याला लागूनच आज्ञा आहे की दीनदुबळ्या भावासाठी आपला हात सैल सोड. ऐकणाऱ्यांना ती पाठ होती. गरिबांची सेवा आणि त्या बाईची उधळण एकमेकींविरुद्ध तराजूत घालायला येशूने तिथे नकार दिला, असे मी ते वाचतो.

त्याच्याही मागे, जुन्या करारातल्याच 'निर्गम' या पुस्तकाच्या 31 व्या अध्यायात, याहून ठळक गोष्ट आहे. 'मी त्याला आत्म्याने परिपूर्ण केले' असे देव बायबलमध्ये पहिल्यांदा ज्याच्याविषयी बोलतो तो संदेष्टा नाही, याजक नाही, राजा नाही. तो बसालेल नावाचा कारागीर आहे. सोने, रुपे, पितळ घडवणारा, रत्ने कोंदणात बसवणारा, लाकूड कोरणारा. बसालेलची ही इस्राएली माणसे नुकतीच कुठून सुटली आहेत ते आठवावे. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, ती रोज ठरलेला आकडा भरून विटा पाडत होती. आकड्यात सूट नाही, आणि वर पेंढा स्वतः गोळा करून आणायचा. त्या गुलामगिरीतून बाहेर पडल्यावर हातांना मिळालेले पहिले मोठे काम म्हणजे निवासमंडप, देवाच्या उपासनेचा तंबू, घडवणे, तेही खुशीने आणलेल्या वस्तूंतून. लोक इतके देऊ लागले की मोशेला छावणीत दवंडी पिटावी लागली: पुरे, आता आणू नका. आकड्यासाठी राबणाऱ्या हातांना हौसेने काही घडवता येणे, मुक्तीची खूण म्हणून बायबल हे दाखवते. समुद्र ओलांडल्यावर मोशेची बहीण मिर्याम डफ हातात घेते, तेव्हा अजून पाण्याची सोय झालेली नाही आणि अन्नाचीही नाही.

भुकेल्याला गाणे देऊन भागत नाही, हे मला सांगायला नको. दुष्काळात पहिली गरज भाकरीची. पण ज्यांनी आपल्याकडे दुष्काळात माणसे जगवली, त्यांनी काय केले ते बघू.

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. 1900 च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातून आलेल्यांची भर पडून तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना रोज दोन वेळ जेवू घालणे हेच एका आयुष्याला पुरेसे काम होते. कोणी म्हटले असते, बाई, आता बाकी सगळे राहू द्या. रमाबाईंनी मात्र तिथे माग टाकले, शेती केली, आंधळ्या बायकांना ब्रेल शिकवण्याची सोय केली आणि छापखाना घातला. शिवाय हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवायला घेतले. मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होते. मग हा खटाटोप कशाला, असे विचारणारे तेव्हाही असणारच.

त्या छापखान्यापाशी थोडे थांबू या. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवण्याचे काम मुक्तीतल्या बायका-मुलींनी केले. देवनागरी जुळणी ही किचकट गोष्ट होती. रोमनसारखी सव्वीस अक्षरे घेऊन तिथे भागत नाही. जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काना-मात्रा, रफार, अनुस्वार, प्रत्येकाचा खिळा वेगळा आणि केसमधले, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतले, घर वेगळे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे लावायची पट्टी, धरून उजव्या हाताने त्या त्या घरातून शिशाचा खिळा उचलायचा, आरशातल्यासारखी उलटी दिसणारी ओळ वाचायची, चूक निघाली की चिमट्याने खिळा उपसून दुसरा बसवायचा. आता या कामाला बसलेली मुलगी डोळ्यांसमोर आणावी. काही वर्षांपूर्वी तिला कोणी मोजतही नव्हते. अन्नछत्राच्या रांगेत ती एक भुकेले तोंड होती. आज तिच्या बोटांतून उत्पत्तीचा पहिला अध्याय ओळीओळीने उभा राहतो आहे, आणि चुकलेली वेलांटी तिला दिसते. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. संपूर्ण बायबल 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. धान्याने त्या मुलींचा जीव वाचला. पण त्या कोणीतरी झाल्या त्या मागावर, शेतात आणि त्या खिळ्यांच्या केसपाशी. मला जे म्हणायचे आहे ते सगळे इथे आहे: मदत माणसाला घेणारा ठेवते, निर्मिती त्याला देणारा करते. दोन्ही लागतात, आणि दुसरीला पहिलीच्या मागे अनिश्चित काळ रांगेत उभे करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरीही हेच दिसते. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. म्हणूनच परक्या चालींवर ओढूनताणून बसवलेली गीते त्यांना पुरली नाहीत. ओवी, अभंग, भजन, कीर्तन हे आपलेच आहे म्हणून त्यांनी त्यात लिहिले. इथला ख्रिस्ती माणूस आजही उपासनेत जे गातो त्यातला फार मोठा वाटा टिळकांचा. या लिहित्या घरात पोरकी मुले वाढत होती, प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाई आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या, जातीच्या भिंती एकेक करून पडत होत्या. आणि याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक तरुण राहिला, ज्याला मराठी जग बालकवी म्हणून ओळखते. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट नव्हती. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखा सांभाळला. 'आनंदी आनंद गडे' लिहिणाऱ्या कवीला घर देणे हे समाजकार्य की साहित्यसेवा की धर्म? टिळकांच्या घरात हे तीन कप्पे वेगळे नव्हते. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला तेव्हाही, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले यांनी एकत्र येऊन गावे, सेवा करावी, अशीच त्यांची कल्पना होती. लक्ष्मीबाईंविषयी तर काय बोलावे. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई, नवऱ्यामागे त्याचे अर्धे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य पुरे करते आणि 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिते. दुःखाचे डोंगर पाहिलेल्या या बाईच्या लेखणीत हसू आहे, मिश्कीलपणा आहे. सेवेने ती आंबली नाही. आपल्या किती ज्येष्ठ कार्यकर्त्यांविषयी असे म्हणता येईल?

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला खुद्द बायबलमधला. आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकात, 5 व्या अध्यायात, देव म्हणतो, तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा. न्याय पाण्यासारखा वाहू द्या. ज्या मंडळीत रोषणाई आणि साउंड सिस्टिम दणक्यात आहे आणि दाराबाहेर झाडलोट करणाऱ्या बाईला किमान वेतन मिळत नाही, तिथल्या गाण्याला आमोस गोंगाटच म्हणेल. मी त्याच्या बाजूने आहे. पण आमोसाने हे सांगितले ते कवितेत! न्यायासाठी पेटलेल्या त्या गुराख्याने हिब्रू भाषेतल्या उत्तम ओळी रचल्या. येशूची आई मरिया हिचे स्तोत्र घ्या. अधिपतींना आसनांवरून खाली ओढणारा, भुकेलेल्यांना तृप्त करून धनवानांना रिकाम्या हाती पाठवणारा देव तिथे एका गरीब मुलीच्या गाण्यातून आपल्यापुढे येतो. गाणे आणि न्याय यांत निवड करायला आमोस सांगत नाही. न्यायाला पाठ दाखवणारे गाणे त्याला नको आहे.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो: मिशनऱ्यांची कला हे धर्मप्रसाराचे आमिष होते. हे साफ झटकून टाकणे मला अप्रामाणिक वाटते. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. मराठीवर इतके प्रेम करणारा ग्रंथ विरळा. पण गोव्यातल्या ज्या साष्टी भागात तो घडला तिथे देवळे पाडली गेली होती आणि 1583 साली कुंकळ्ळी गावात मिशनरी आणि गावकरी यांच्या संघर्षात रक्त सांडले होते. त्या ओव्यांचे सौंदर्य हा इतिहास पुसू शकत नाही. मात्र आमिष आणि निर्मिती ओळखू येतात. आमिष हे घेणाऱ्याकडून काहीतरी मिळवण्यासाठी असते, काम झाले की टाकून दिले जाते. बाबा पदमनजींनी 1857 साली 'यमुनापर्यटन' लिहिले, त्यातले ख्रिस्ती प्रतिपादन आज किती वाचकांना भिडते कोण जाणे, पण विधवांच्या हालांचे चित्र उरले आणि मराठी कादंबरीची सुरुवात म्हणून ते पुस्तक उरले. ज्यातून लेखकाला मिळकत शून्य आणि समाजाला कायमची ठेव, ते आमिष कसे?

आक्षेप संपले तरी रोजच्या कामात अडचण आहेच, आणि ती आपण स्वतः ओढवून घेतलेली आहे. ख्रिस्ती संस्थांचे समाजकार्य आता प्रकल्पांच्या भाषेत चालते. तीन वर्षांचा प्रकल्प, तिमाही अहवाल, लाभार्थ्यांची संख्या, फोटो. देणगीदाराला हिशेब द्यावा लागतो, परदेशी निधीचे नियम कडक झाले आहेत, हे सारे खरे. पण वस्तीतल्या बायकांनी ओव्या जमवल्या, पोरांनी भिंत रंगवली, एका मुलाला पहिल्यांदा कविता सुचली, याला त्या तक्त्यात रकाना नाही. जे रकान्यात मावत नाही ते कार्यकर्ता हळूहळू करायचे सोडतो. चाळिशीत येऊन तो आकडे भरणारा कारकून झालेला असतो. विटांचा आकडा पुन्हा आपल्या मानगुटीवर बसला आहे, फक्त मुकादमाची खुर्ची बदलली.

लढ्यालाही हेच लागू. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण ताजे आहे. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर काँक्रीट चढू लागले, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीतून ते आणि तिथले शेतकरी रस्त्यावर उतरले. धमक्या आल्या, तरी मागे हटले नाहीत. हाच माणूस अनेक वर्षे 'सुवार्ता' मासिक काढत होता, ललित लिहीत होता, बायबल सोप्या मराठीत आणत होता. या दोन गोष्टी सुट्या नव्हत्या. बावखले, म्हणजे वाड्यांतली तळी, बुजवू नका, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या विकू नका, असे सांगायचे तर त्या बावखलावर आणि वाडीवर माणसाचा जीव जडलेला असावा लागतो, आणि तो जडवण्याचे काम निवेदने करत नाहीत. ते वसईच्या सामवेदी समाजाच्या लग्नगीतांनी केलेले असते, आजीने वाळवलेल्या केळ्यांनी, सुकेळ्यांनी, केलेले असते, आणि त्याविषयी कोणी मन लावून लिहिलेले असते. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता, त्यावर काहूर माजवले गेले. पाठदुखीने बेजार असतानाही ते तिथे गेले आणि असहिष्णुतेविषयी जे बोलायचे ते बोलले. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. त्यांची आठवण काढताना काही जण आंदोलक फादर म्हणतात, काही लेखक फादर. मला ही वाटणी मान्य नाही.

तळोजाच्या तुरुंगात फादर स्टॅन स्वामी होते. झारखंडातल्या आदिवासींसाठी आयुष्य घालवलेले, वय ऐंशीच्या पुढे, कंपवातामुळे हातात पेला धरता येत नव्हता. ऑक्टोबर 2020 मध्ये अटक झाली, आरोप त्यांनी नाकारले होते, खटला उभा राहण्याआधीच 5 जुलै 2021 रोजी मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. तुरुंगातून पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिले होते की आम्ही तरीही एकत्र गाऊ, पिंजऱ्यातला पक्षीही गाऊ शकतो. ज्याच्याकडून सगळे काढून घेतले आहे त्याच्याकडे उरलेली ही ताकद आहे, आणि ती ऐन वेळी कोणाला मिळत नाही. आधीची सारी वर्षे माणूस लोकांत बसून गायलेला असावा लागतो.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य प्रॉटेस्टंट कुटुंबांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी टोकदार आहे. नगर, जालना, औरंगाबादकडची आमची बरीचशी घरे मूळची महार-मांग समाजातली. गावाने आम्हाला 'पोटासाठी बाटले' म्हटले. दुष्काळात मिळालेल्या धान्याचा दाखला चार पिढ्यांनंतरही तोंडावर फेकला जातो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना 1956 साली आणि बौद्धांना 1990 साली मिळाला, आमची मागणी अजून लोंबकळते आहे. तो लढा न्यायालयात आणि संसदेत लढायचाच. पण 'पोटासाठी' या टोमण्याला खरे उत्तर आमच्या भजनांत आहे. पोटासाठी आलेला माणूस पोट भरल्यावर निघून जातो. तो रात्र-रात्र जागून चाली बांधत नाही. खेड्यातल्या देवळात, हो, आमच्याकडे चर्चलाही देऊळ म्हणतात, शेतमजुरी करून आलेला माणूस टाळ घेऊन बसतो आणि योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट स्वतः रचलेल्या पदात सांगतो, तेव्हा तो कोणाचाही लाभार्थी नसतो. त्याच मातीतल्या आंबेडकरी जलशांनी माणसे जागी केली ती याच बळावर. मंडळ्यांतल्या आमच्या तरुणांनी हे नाते ओळखावे आणि भीमगीते गाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर बसावे, एवढे तरी मला फार वाटते.

म्हणून माझ्या मागण्या अगदी व्यवहारातल्या आहेत. ख्रिस्ती संस्थांनी समाजकार्याच्या खर्चातच, करमणुकीच्या किंवा उत्सवाच्या नव्हे, काही ठरलेला वाटा गाणे, लेखन, नाटक आणि हस्तकला यांना द्यावा, आणि तो पहिल्या कपातीत उडवू नये. पाळक आणि धर्मगुरू तयार करणाऱ्या विद्यालयांत मराठी साहित्य आणि भजन-कीर्तन हा परीक्षेचा विषय असावा. टिळकांचे अभंग न वाचता पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभे राहणारा तरुण पाहिला की मला वाईट वाटते. कार्यकर्त्याला आठवड्यातून काही तास, पगारी, असे काम करू द्यावे ज्याचा अहवाल नसेल. मंडळीची मासिके परवडत नाहीत म्हणून बंद करण्याआधी एखादी भिंत कमी बांधावी. आणि सर्वांत तातडीचे: खेड्यापाड्यांत आज सत्तरी-ऐंशीत असलेले जे भजनकार आहेत त्यांची पदे वहीत उतरवून घ्यावीत, त्यांच्या चाली मोबाइलवर का होईना ध्वनिमुद्रित कराव्यात, खाली त्यांचे नाव घालावे आणि त्यांना मानधन द्यावे. ते मागणार नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांकडे वही आहे ती एकच, तिची पाने सुटी झाली आहेत, आणि तिच्यातल्या पदांच्या चाली फक्त त्यांच्या गळ्यात आहेत. हे काम कोणत्या खात्यात टाकायचे असा प्रश्न सभेत आलाच, तर गरीब मुलांच्या फीच्या खालची ओळ मोकळी ठेवावी आणि तिथे लिहावे.